पैली शिफ्ट वासराची

दुर्गजवळच्या कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टर सहात, कोणाची गाय व्याली की ती बातमी भोंग्याच्या आधी घरोघर पोचायची. बायका पातेली काढायच्या, वेलदोडे शोधायच्या आणि पुरुषमंडळी त्या घरावरून उगाचच सायकलच्या दोन चकरा मारायची. घर तेलुगू असो, पंजाबी असो की आमच्यासारखं विदर्भातून आलेलं असो, पहिल्या दोनतीन दिवसांचं चिकाचं दूध लोट्यालोट्यानं शेजारी वाटलं जायचं आणि संध्याकाळी गल्लीभर खरवसाचा वास सुटायचा. याला अपवाद एकच घर. नथ्थूजींची मैना व्याली की नथ्थूजी गोठ्याच्या दारात स्टूल टाकून बसायचे, मांडीवर काळी छत्री आडवी धरून. पावसाचा पत्ता नसायचा आणि गोठ्यात ऊनही येत नसे. ती छत्री आमच्यासाठी होती.

“चीक कोनाचा?” लोटा घेऊन आलेल्याला ते विचारायचे.

“गाईचा,” तो बिचारा सांगायचा.

“चूक. वासराचा. पैली शिफ्ट वासराची. त्याचं झालं की मंग पाहू.”

ते ‘मंग’ काही कधी उजाडलं नाही. लोटे रिकामे परत जायचे आणि लोक म्हणायचे, म्हातारा कंजूष आहे. मी तर त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, म्हणून लोकांपेक्षा चार शब्द जास्तच बोलायचो.

नथ्थूजी होते टाइम ऑफिसात. कारखान्याच्या गेटावर एक खिडकी होती. कामगारांनी आपला पितळी बिल्ला तिच्यात टाकायचा आणि आत जायचं. सकाळचा भोंगा वाजला की नथ्थूजी खिडकी लावून घेत. नंतर आलेला माणूस लेट, मग तो साधा मजूर असो की साहेब. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर मेणकापड ठेवून शाईनं रेघा गिरवायच्या, एवढंच माझं काम. मी मात्र स्वतःला कलावंत समजायचो, आणि वेळेवर जाणं कलावंताला शोभत नाही असं माझं मत होतं. नथ्थूजींचं मत वेगळं होतं.

एकदा माझी सायकल पंक्चर झाली. नथ्थूजींनी मोठ्या मायेनं मला डबलसीट घेतलं. वाटेत त्यांनी माझ्या बायकोची, आईची, नागपूरच्या घराची चौकशी केली. मीही कॅरियरवर बसून त्यांच्या मैनेची तब्येत विचारली. गेटावर पोचलो, त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, आत गेले, खुर्चीत बसले आणि मी रांगेतून पुढं सरकत खिडकीशी येतो तोच भोंगा झाला. खिडकी बंद.

“अहो नथ्थूजी, आपण एकाच सायकलवर आलो ना!”

“आलो ना जी,” आतून आवाज आला. “पन मी टायमावर आलो, तुमी लेट आले.”

असा हा माणूस. अंगानं काटकुळा, डोक्याला टोपी, पँटीच्या पायाला सायकलची क्लिप, जी घरीसुद्धा कधी निघत नसे. घरात ते आणि यशोदाकाकू, दोघंच. काकू फारशा बोलायच्या नाहीत. नथ्थूजींच्या वाटणीचं त्याच गप्प राहतात आणि काकूंच्या वाटणीचं नथ्थूजी बोलतात, असं मी एकदा कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं होतं आणि स्वतःच हसलो होतो. कुसुम हसली नव्हती.

क्वार्टरच्या मागल्या अंगणात गाय पाळायला परवानगी नव्हती. नथ्थूजींनी पत्र्याचा गोठा बांधून गाय तर पाळलीच, वर दुसऱ्यांची वासरंही आणून ठेवली. आसपासच्या गावातले राऊत, म्हणजे तिकडचे गवळी, सेक्टरात दूध घालायला यायचे. त्यांच्याकडे गोऱ्हा झाला की त्याला दूध पाजणं जिवावर यायचं. असाच एक मंगलू राऊत एका सकाळी खांद्यावर एवढंसं काळं वासरू टाकून नथ्थूजींच्या दारात उभा राहिला. “एला रख ले बाबू, हमर इहाँ दूध नइ पुरय,” म्हणाला. नथ्थूजींनी त्याला तिथंच अर्धा तास झापलं आणि वासरू ठेवून घेतलं. मग दुसरं आलं, आणि मोठी झाली की त्यांच्या जागी नवी येत राहिली. मैनेचं दूध तिच्या स्वतःच्या वासराला आणि या दोघांना. त्यातून उरलं तर नथ्थूजींच्या चहाला. बहुतेक दिवशी नथ्थूजी कोरा चहा पीत.

दूध पाजायची वेळ कारखान्याच्या भोंग्याशी बांधलेली. सकाळच्या भोंग्याच्या बरंच आधी पहिलं पाजणं, दुपारच्या भोंग्याला यशोदाकाकूंच्या हातून दुसरं, संध्याकाळी तिसरं. वासरांना ते इतकं पाठ झालं होतं की भोंगा झाला की आमच्या गल्लीतून तीन हंबरडे उठायचे. नव्या पाहुण्यांना वाटायचं हा कारखान्याचाच काही भाग आहे. दूध कोमट आहे का ते नथ्थूजी कोपर बुडवून पाहत. थंड दूध दिलं तर वासराला हगवण लागते आणि कढत दिलं तर तोंड पोळतं, हे शेजारच्या प्रत्येक माणसाला कधी ना कधी त्यांचं सांगून झालं होतं. मलाही सांगितलं होतं, मी तेव्हा दाढी करत होतो.

एकदा टाउनशिपच्या ऑफिसातून एक माणूस गाय हलवायची ताकीद द्यायला आला. नेमका संध्याकाळच्या पाजण्याच्या वेळेला. नथ्थूजी म्हणाले, “बोलू ना जी, पैले हे धरा,” आणि रबरी बोंडीची बाटली त्याच्या हातात दिली. काळं वासरू लगेच त्याला बिलगलं. त्या माणसानं मान वाकडी करून बाटली कशीबशी धरली. “वर धरा, वर. मान वर पायजे वासराची. गाईखाली कसं पिते?” वासरू पिऊन झालं, त्यानं त्या माणसाच्या शर्टाला तोंड पुसलं. तो म्हणाला, “छान आहे हो.” आणि ताकीद द्यायचं विसरून निघून गेला. मी भिंतीवरून हे सगळं पाहिलं होतं. भिंतीवरून पाहणं हा माझा तेव्हाचा मुख्य उद्योग.

अशात कुसुमला दिवस गेले, आणि तिला डोहाळे लागले ते खरवसाचे.

दुसरं काही असतं तर मी आणलं असतं. आंबट कैऱ्या म्हणाली असती तर दुर्गच्या बाजारातून पोतं आणलं असतं. पण तिचं माहेर आर्वीकडचं, घरी गाई. तिला लहानपणापासून गुळाचा, वेलदोड्याचा, वडी पडणारा खरवस माहीत. “मले खरवस पायजे,” ती म्हणाली. “नाही भेटला तं तुमच्या लेकराची लाळ गळत राहीन जन्मभर. मंग पुसत बसा.” आता माझ्या मुलाची लाळ गळणार ही कल्पना मला सहन होईना. माझ्या डोळ्यांपुढं तो मोठा होऊन ड्रॉइंग ऑफिसात लागलेला दिसायला लागला आणि मेणकापडावर लाळ.

सेक्टरात त्या महिन्यांत कोणाचीच गाय व्यायला टेकली नव्हती. टेकली होती ती फक्त मैना.

मी नथ्थूजींची मर्जी संपादन करायचं ठरवलं. सरळ मागण्यात अर्थ नव्हता, छत्री मी पाहिली होती. तेव्हा मी एका संध्याकाळी भिंतीपलीकडे जाऊन म्हटलं, “काकाजी, मले बी शिकवा ना वासराले पाजनं.”

नथ्थूजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “कावून?”

“अशीच आवड हो.”

“हात धुवा,” ते म्हणाले.

वासराला बादलीनं दूध प्यायला शिकवतात ते असं. बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. ते चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत खाली न्यायचा, म्हणजे त्याचं तोंड आपोआप दुधाला लागतं. मग एकेक बोट काढून घ्यायचं. ऐकायला सोपं आहे. वासराची जीभ कानशीसारखी खरखरीत असते आणि त्याला चोखण्यात एवढा जोर असतो की आपलं बोट परत मिळेल का, अशी शंका यावी. शिवाय दूध कमी पडतंय असं वाटलं की ते बादलीला ढुशी देतं. गाईच्या कासेला ढुशी दिली की पान्हा सुटतो. बादलीला दिली की दूध सुटतं आणि ट्रेसरच्या पँटीवर पडतं.

मैना आटलेली, तरी नथ्थूजी वासरांसाठी विकतचं दूध आणत, आणि त्या दुधानं मी रोज सकाळ-संध्याकाळ न्हायचो. ऑफिसात माझ्या टेबलावर माश्या जमायला लागल्या. साहेब एकदा माझ्याजवळून जाताना थांबले, नाक वर करून म्हणाले, “इथं कोणी लहान मूल आणलंय का?” मी खाली मान घालून रेघ मारली, ती वाकडी गेली.

पण खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. काळं वासरू माझी बोटं तोंडात घेऊन डोळे मिटायचं, तेव्हा आपण जगात कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटायचं. ड्रॉइंग ऑफिसात तसं कधीच वाटलं नव्हतं. नथ्थूजी कधी शाबासकी देत नसत. एकदाच म्हणाले, “बोटं बरी हायेत तुमची. मऊ हायेत.” मी घरी येऊन कुसुमला तीनदा सांगितलं.

“खरवसाचं काय झालं?” तिनं विचारलं.

“पाया घालून राहिलो,” मी म्हटलं.

मैना एका रविवारी सकाळी व्याली. मी आधीच तयारीत होतो. पितळी लोटा घासून, पाठीमागं लपवून, चेहऱ्यावर निव्वळ चौकशीचा भाव आणून मी गोठ्याच्या दारात पोचलो. छत्री होती, पण स्टूलवर नथ्थूजी नव्हते. ते आत गुडघ्यावर बसले होते, आणि त्यांच्यापुढं एक तांबडी कालवड पाय पसरून पडली होती. मैना तिला चाटत होती, ढोसत होती, पण कालवड उठत नव्हती. नथ्थूजींनी चीक काढून बादलीत घेतला होता, बोटं बुडवून तिच्या तोंडाशी धरत होते. ती तोंड फिरवायची. पुन्हा धरायचे, पुन्हा फिरवायची.

“तंबाखूचा वास येते तिले,” नथ्थूजी म्हणाले. त्यांच्या बोटांना वर्षानुवर्षं चुना-तंबाखू मळल्याचा वास होता, तो साबणानं जाईना. दोनदा हात धुऊन झाले होते. काकू परसात पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. नथ्थूजी बोटं शर्टाला पुन्हा पुन्हा घासत होते. खिडकी बंद करणारा माणूस तो हाच, हे मला खरं वाटेना.

त्यांनी मान वळवली तेव्हा मी दारात उभा, आणि माझ्या पाठीमागून लोट्याचं चकचकीत बूड बाहेर डोकावत होतं. ते त्यांनी पाहिलं, यात शंका नाही.

“लोटा ठेवा,” ते म्हणाले. “बोटं द्या.”

मी लोटा ठेवला. शेणातच बसलो. बोटं चिकात बुडवली. चीक दाट, पिवळट, बोटाला चिकटणारा. कालवडीच्या ओठांवर लावला. तिनं जीभ काढली. मी बोट आत सारलं. बराच वेळ काही नाही. मग एक बारीकशी ओढ लागली, मग दुसरी, आणि मग एकदम ती माझी बोटं अशी खेचायला लागली की मी ओरडलोच, “पिते! काकाजी, पिते हो ही!” नथ्थूजी तिची मान धरून होते. मी हात हळूहळू खाली नेला, तिचं तोंड चिकाला लागलं आणि ती गटागटा प्यायला लागली. मला इतका आनंद झाला की मी तिच्याशी लाडे लाडे बोलायला लागलो. काय काय बोललो ते आता लिहीत नाही. काकूंनी ते सगळं ऐकलं आहे.

कालवड दुपारी उभी राहिली. मी घरी आलो, अंगभर शेण आणि चेहऱ्यावर विजय. कुसुमनं हात पुढं केला. तेव्हा मला लोटा आठवला. तो गोठ्याच्या दारात तसाच, रिकामा राहिला होता. बायकोचा खरवस मी माझ्या स्वतःच्या बोटांनी कालवडीच्या पोटात घालून आलो होतो.

संध्याकाळी धीर करून भिंतीवरून विचारलंच, “काकाजी, थोडासा उरला असंन ना?”

“उरला ना. रावताच्या दोघाले दिला. तेयच्या मायचा चीक तेयले कुठी भेटला होता?”

मी कुसुमला सांगितलं. ती आधी रडली आणि मग शेणानं भरलेल्या माझ्याकडं पाहून हसली. आणि मी नथ्थूजींना कंजूष म्हणणाऱ्यांच्या कंपूत पुन्हा सामील झालो, थोडा जास्तच जोरात.

यानंतर काही आठवड्यांनी आमच्या घरी मुलगा झाला. पहाटेच. बाळंतपणासाठी आई नागपूरहून आली होती, सुईण सेक्टरातलीच. सगळं नीट पार पडलं, आणि आईनं सूत्रं हाती घेतली. आमच्या घरची रीत अशी की बाळंतिणीचं पहिलं दूध, तो चीक, बाळाला बाधतो, म्हणून पिळून टाकायचा. तोवर बाळाला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी. माझी सगळी भावंडं तशीच वाढली होती. मीही तसाच वाढलो, आणि त्याचा परिणाम काय झाला ते वाचक पाहतच आहेत.

मुलगा मात्र बोळा तोंडात घेईना. त्यानं जे रडणं लावलं ते थांबेचना. कुसुम म्हणाली, “आत्याबाई, द्या ना त्याले माह्याजवळ.” आई म्हणाली, “थांब वं, वाईट असते ते दूध.” कुसुमनं दाराआडून माझ्याकडं पाहिलं. “तुमी काही बोलत कावून नाही?”

आता पुरुषानं बोलायची वेळ आली होती. मी घसा साफ केला आणि म्हटलं, “आई, गूळ चांगला आहे ना?”

इतक्यात मागल्या अंगणातून कोणीतरी खाकरलं. नथ्थूजी. टोपी, पायाला क्लिप, हातात छत्री, ड्यूटीला निघालेले. सायकल त्यांच्या दारात उभी होती. आमच्या घरात ते तोवर कधी आले नव्हते. ते व्हरांड्यातच थांबले, आतल्या खोलीकडं पाठ करून.

“बाई,” ते आईला म्हणाले, “वासरू उपाशी हाये.”

आई गोंधळली. “मंग पाजा ना जी. आमाले कायले विचारता?”

“माह्या घरचं नाही. तुमच्या घरचं.”

आईच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती तापली. “चार लेकरं वाढोली मी. तुमी गडीमानूस, बायायच्या कामात कायले पडता?”

“बराबर हाये,” नथ्थूजी म्हणाले. “तवा बी मी नाही पडलो.”

आणि ते तिथंच, अंगणाकडं तोंड करून, छत्रीच्या मुठीकडं पाहत सांगायला लागले. आवाज नेहमीचाच होता, खिडकीतून बोलतात तसा.

“गावाले होतो आमी. पैली पोरगी झाली आमाले. त्याच दिवशी गाय बी व्याली. घरात दोन चीक झाले, पाहा. गाईच्या चिकाचा खरवस केला माह्या मायनं. गावभर वाटला. अन् हिचा चीक पिळून मोरीत टाकला. पोरीले गुळाचं पानी. ती रडे. मी ओसरीवर बसून खरवस खाऊन राह्यलो होतो. लय चांगला झाला होता. पुन्हा मागून घेतला मी.”

तेवढ्यात भोंगा झाला. भिंतीपलीकडून मैनेची कालवड आणि रावताची वासरं हंबरली. नथ्थूजी हलले नाहीत. सगळ्या कारखान्याला वेळ दाखवणारा माणूस आमच्या व्हरांड्यात उभा राहून लेट होत होता.

“मंग ती रडायची थांबली,” ते म्हणाले. “त्याच्यानंच गेली का, मले मालूम नाही. डाक्टर बी सांगू नाही शकले. पन ज्याचं होतं त्याले भेटलं नाही अन् मले दोनदा भेटलं. एवढं मालूम हाये.”

बाळ रडत होतं. आईच्या हातात गुळाच्या पाण्याची वाटी होती. तिनं ती खिडकीत ठेवली, पदरानं हात पुसले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. आतून कुसुमचा आवाज आला, आईचा आला, मग बाळाचं रडणं एकदा खूप वाढलं आणि एकदम बंद झालं.

नथ्थूजींनी मान जरा वळवली. “पिऊन राह्यलं का?”

“हो जी,” आई आतून म्हणाली. “पिऊन राह्यलं.”

ते मान हलवून निघाले. मला काहीतरी बोलायचं होतं. मी त्यांच्यामागं अंगणाच्या फाटकापर्यंत गेलो आणि नुसताच “काकाजी” म्हणून उभा राहिलो. ते म्हणाले, “तुमी बी निंगा. बाप झाले म्हनून सुट्टी नसते.”

त्या दिवशी त्यांची खिडकी दुसऱ्याच कोणी उघडली होती. गेटावर लोक एकमेकांना विचारत होते, नथ्थूजी मेले की काय. मी अंघोळ करून, मुलाला दोनदा पाहून, पेढे घेऊन पोचलो तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते. पेढा त्यांनी घेतला. आणि मला लेट लावलं.

मी त्यांच्या कंजुषीवर केलेले विनोद त्यानंतर पुन्हा कधी केले नाहीत. मला लाज वाटली असं म्हटलं तर ते थोडं होईल. एक माणूस हयातभर गोठ्याच्या दारात छत्री धरून कोणाला अडवत बसला होता, ते मला आता कळलं होतं. आम्हाला नव्हेच; ओसरीवर बसून खरवस पुन्हा मागणाऱ्याला.

मुलगा बाळसेदार झाला. पण लाळ मात्र गळायची, अगदी कुसुमनं सांगितलं होतं तशी. दुपट्यामागून दुपटी भिजायची. नथ्थूजी रोज ड्यूटीला निघताना भिंतीवरून विचारायचे, “पेलं का?” मुलाचं नाव ठेवून झालं तरी ते कधी नावानं विचारत नसत. “पेलं का?” हो म्हटलं की सायकलवर टांग.

मुलगा चालायला लागला होता तेव्हा मैना पुन्हा व्याली. या वेळी वासरू धडधाकट होतं, पडल्या पडल्या उठून कासेला लागलं. मी भिंतीजवळ गेलोच नाही. लोटा तर मी फळीवरूनही काढला नव्हता. दुपारी नथ्थूजीच आमच्या मागल्या दारात आले. हातात आमचाच लोटा. गेल्या खेपेला त्यांच्या गोठ्यात राहिलेला, परत आणायचा मी विसरूनच गेलेला. मला वाटत होतं तो फळीवर आहे. तोंडापर्यंत भरलेला होता.

“वासरू पोटभर पेलं,” ते म्हणाले. “रावताचे बी पेले. हे उरलं. सूनबाईले द्या. लेट झालं जरा.”

कुसुमनं खरवस केला. गूळ, वेलदोडे, वर जायफळ. पहिली थाळी तिनं झाकून स्वतः भिंतीपलीकडं नेली. मी मुलाला कडेवर घेऊन तिच्यामागं गेलो. सवयीनंच.

नथ्थूजी गोठ्याच्या दारात स्टूलावर बसले होते. छत्री भिंतीला टांगलेली होती. यशोदाकाकूंनी थाळी घेतली, त्यांच्या मांडीवर ठेवली. ते तिच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी एक वडी मोडली, आधी माझ्या मुलाच्या तोंडात घातली. त्यानं ती चघळली, लाळेसकट अर्धी माझ्या शर्टावर सांडली आणि आणखी मागितली. दुसरी वडी नथ्थूजींनी हातात धरली आणि तशीच धरून ठेवली. त्यांचा हात वर जाईना. शेजारी मैना रवंथ करत होती, वासरू तिच्या पोटाला लागून झोपलं होतं. 

यशोदाकाकू त्यांच्याजवळ खाली बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना चार वाक्यं बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्यांनी नथ्थूजींच्या मनगटाला हात लावला, तो हलकेच वर उचलला.

“खा जी आता,” त्या म्हणाल्या. “सगळ्यायचं पिऊन झालं.”